कूगु गुड्ड्याचे अण्णा

मी अकरा रविवार खोटं बोललो. तेही शहात्तर वर्षांच्या एका माणसाशी, त्याच्या घरात बसून, त्याने केलेली कॉफी पीत. खोटं तसं दिसायला लहान होतं. ते विचारायचे, "गेला होतास?" मी म्हणायचो, "हो." ते विचारायचे, "कूगलास?" मी म्हणायचो, "हो." एवढंच. पण त्या दोन होकारांनी काय केलं हे सांगायचं तर आधी अण्णांबद्दल सांगायला हवं, आणि अण्णांबद्दल सांगायचं तर त्या टेकडीबद्दल.

बंगळूरला महादेवपुऱ्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाला लागून एक बैठं कौलारू घर आहे. दोन्ही बाजूंना चौदा-चौदा मजले आणि मध्ये ते, पंगतीत चुकून बसलेल्या माणसासारखं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, एक बाक, भिंतीला टांगलेल्या कैच्या. पाटी नव्हती. सगळे त्यांना टेलर अण्णा म्हणत. मी या शहरात एकटा राहतो. बायकोची नोकरी पुण्यात, मुलीचं कॉलेज पुण्यात, आणि माझं सॉफ्टवेअरचं काम इथे. सुरुवातीच्या महिन्यात एकदा पँट आखूड करायला म्हणून त्यांच्या दारात उभा होतो आणि फोनवर बायकोला सांगत होतो, "एक टेलर सापडलाय, पण म्हातारा आहे गं. डोळ्यांना दिसतं की नाही, देव जाणे."

मशीन थांबलं. मान वर न करता ते म्हणाले, "दिसतं. डावा कान तेवढा गेलाय. आणि तू उजवीकडे उभा आहेस."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. ते हसले, तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि म्हणाले, "पुणं ना? कळलं. तुमचं मराठी इस्त्रीचं. आमचं अंगातलं." त्यांचं घराणं कधी, कुठून आलं हे त्यांनाही नीट माहीत नव्हतं. "साताऱ्याकडचे म्हणतात. सातारा मी बघितला नाही. साताऱ्यानेही मला बघितलं नाही. आयतु, संपलं."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'पुणेकर' झालो. माझं नाव त्यांनी कधी विचारलं नाही. माणसं ते मापाने लक्षात ठेवत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रस्त्याने गेले की म्हणत, "चौतीस कंबर होती, आता एक्केचाळीस झाली, पण ऐट अजून चौतिसाचीच." कोणी बारीक झालेला दिसला तर चौकशी करत, कोणी सुटलेला दिसला तर काही बोलत नसत. "वाढलेल्याला विचारायचं नसतं. उतरलेल्याला विचारायचं."

फोन त्यांच्याकडे होता, पण तो मुलीचे फोन घेण्यापुरता. मला बोलवायचं असलं की इमारतीखाली उभं राहून हाक मारत, "पुणेकऽऽर!" आवाज असा की चौथ्या मजल्यावर माझ्या हातातला चहा हिंदकळायचा. एकदा सेक्रेटरी हात जोडून आले. म्हणाले, "अंकल, इंटरकॉम है ना. गार्ड से बोलिए, वो लगा देगा." अण्णांनी ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "यंत्रातून बोलावलं की माणूस आतूनच 'येतो' म्हणतो आणि बसून राहतो. हाक मारली की त्याला गॅलरीत येऊन तोंड दाखवावं लागतं." दुसऱ्या दिवशी पुन्हा खालून हाक आली. थोडी हळू होती, एवढाच सेक्रेटरींचा मान.

दर रविवारी सकाळी ते कुठेतरी जात. हातात फिरकीचा पितळी तांब्या, डोक्याला मफलर. वर्षभराने त्यांनी विचारलं, "येतोस का?" मला रविवारी करण्यासारखं काही नसतंच. गेलो.

के. आर. पुरमच्या पुढे बस बदलून, मग अर्धा तास चालत. इमारती संपल्या, गोदामं संपली आणि एकदम माळ लागला. नीलगिरीची एक रांग, सगळीकडे टणटणी, आणि मध्ये करड्या दगडाची बोडकी टेकडी. उंची फार नाही. पण भोवती काहीच नसल्यामुळे ती फार एकटी दिसायची. अण्णा म्हणाले, "कूगु गुड्डा. गुड्डा म्हणजे टेकडी. कूगु म्हणजे हाक, पोटातून मारलेली."

मी नावामागची गोष्ट विचारली. ते म्हणाले, "खाली नाही सांगत. वर चल." वर एक माणसाच्या उंचीचा खडक होता, त्याला उघड्या तोंडासारखी आडवी भेग. अण्णा त्याच्या सावलीत बसले, दम खाल्ला आणि सांगू लागले.

"एक अक्का होती आणि तिचा धाकटा भाऊ. आईबाप नव्हते. तो मेंढ्या घेऊन पूर्वेला जायचा. माळ सगळा सारखा, संध्याकाळी वाट कळायची नाही. म्हणून अक्का इथे चढायची आणि त्याच्या नावाने कूगायची. तो आवाजाच्या रेघेवर चालत घरी यायचा. रोज. एक दिवस गावात लग्न होतं. अक्काने केसांत फुलं माळली होती, नवी साडी नेसली होती. शेजारणीला म्हणाली, आजच्या दिवस तू कूग गं. शेजारीण म्हणाली, कूगते. आणि ती काही चढली नाही."

"मग?"

"मग काय? तो आला नाही. अक्का दुसऱ्या दिवशी चढली, ती उतरलीच नाही. हा दगड म्हणजे ती. हे तिचं तोंड."

"आणि शेजारणीचं काय झालं?"

अण्णांनी माझ्याकडे जरा नवल करून पाहिलं. "तिचं कोण सांगतं? गोष्टीत तिला नावसुद्धा नाही."

मग ते उठले. तांब्याची फिरकी उघडली, भेगेत पाणी ओतलं. ओरडून ओरडून अक्काचा घसा कोरडा पडलेला असतो, म्हणून घरचं पाणी आणून घालायचं. नंतर ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहिले, छाती भरून घेतली आणि ओरडले, "शिवाऽऽऽ!"

एकदाच. मग उजवा हात कानामागे धरून बराच वेळ उभे राहिले. माळावरून काहीच आलं नाही. दूरवर एक मालगाडी गेली.

नियम त्यांनी उतरताना सांगितले. एकदाच कूगायचं. जो दूर गेलाय आणि जिवंत आहे त्यालाच कूगायचं, मेलेल्याला नाही. आणि खंड पडू द्यायचा नाही. मी विचारलं नाही, तरी शिवा कोण हे तुकड्यातुकड्याने पुढच्या रविवारांत कळलं. त्यांचा मुलगा. एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेला. त्याला मशीनवर बसायचं नव्हतं. "मी म्हटलं, मग या घरात तरी कशाला बसतोस? त्याने पिशवी भरली. फाटकाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा होता रे. मी इथे बटण लावत होतो. बायको म्हणाली, अहो, हाक मारा. मी म्हटलं, त्याला पाय आहेत, येईल. दोरा तोडला, वर बघितलं. फाटक उघडं."

याला सत्तावीस वर्षं झाली होती. कोणी म्हणालं पूर्वेच्या गाडीत बसताना दिसला, त्यावर काही कळलं नाही. टेकडीवर आधी त्यांची बायको जायची. अण्णा तिला हसत. "दगडाला पाणी घालून पोरं येतात होय?" म्हणत. मग ती वारली. "सोमवारी गेली. शनिवारी रात्रभर मला एकच. उद्या कोण जाणार? त्याला कूगायला कोणी गेलं नाही म्हणजे आपणच ठरवलं की तो नाही. सरी? बरोबर ना?"

एकदा त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ती माझ्या डोक्यातून जात नाही. "कूगताना मी चौतीस छातीच्या पोराला कूगत नाही. तो आता शेहेचाळीसचा. चाळीस छाती तरी झाली असेल. पोट असेल. त्या मापाच्या माणसाला कूगतो. नाहीतर तो ओळखणार कसा, की हाक आपल्यालाच आहे?"

मला ते म्हणायचे, "तू पण कूग की. बायको आहे, लेक आहे." मी म्हणायचो, "त्यांच्याशी रोज व्हिडिओवर बोलतो, अण्णा." ते मान हलवायचे. खरं कारण वेगळं होतं. मला लाज वाटायची. लोकांच्या देखत, पोटातून, कोणाचं नाव घेऊन ओरडायचं हे माझ्याच्याने होण्यासारखं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात अण्णा न्हाणीत घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली. सेलमहून त्यांची मुलगी सरोजा आली, पंधरा दिवस राहिली, शेजारच्या बाईकडे डबा लावून परत गेली. जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मी त्यांच्याकडे बसलो होतो. अण्णांनी सरोजाकडून तांब्या भरून घेतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"पुणेकर, मला चढता येईपर्यंत तू कूग रे."

मी म्हटलं, "कूगतो."

त्या शब्दावर मला ती शेजारीण आठवायला हवी होती. नाही आठवली.

पहिल्या रविवारी मी खरंच गेलो. वर आठ-दहा तरुण मुलंमुली होती, गाणी लावली होती, अक्काच्या खडकाला टेकून फोटो काढणं चाललं होतं. त्यांतला एक माझ्याच ऑफिसातला निघाला. "सर? आप यहाँ?" मी म्हटलं, "मॉर्निंग वॉक." पूर्वेकडे तोंड करून उभा राहिलो, छाती भरून घेतली, आणि खोकलो. तांब्याची फिरकीही उघडली नाही. भरला तांब्या घेऊन घरी आलो आणि ते पाणी गॅलरीतल्या मनीप्लांटला घातलं.

आमच्या धंद्यात एक सवय लागते. सोमवारी सकाळी कामांच्या यादीपुढे 'झालं' असं लिहायचं असतं. बुधवारपर्यंत होणार असलं तरी सोमवारीच 'झालं' लिहितो, आणि बहुतेक वेळा बुधवारपर्यंत ते होतंही. मी अण्णांना "हो" म्हटलं ते त्याच हाताने. पुढच्या रविवारी जाऊन दोन हाका मारू, हिशेब मिटेल, असं मनात होतं. पुढच्या रविवारी झोपलो. तिसऱ्या रविवारी पाऊस होता. चौथ्यापासून मी स्वतःला कारण देणंही सोडलं.

अण्णा दर शनिवारी दारात खुर्ची टाकून बसत आणि खालून हाक मारत. मी उतरून भरलेला तांब्या घेई आणि रविवारी रिकामा परत करी. त्यांना मात्र "हो" पुरत नसे. "वारा कुठला होता?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी काहीतरी म्हणून म्हटलं, "पूर्वेकडून येत होता." त्यांचा चेहरा पडला. "मग आवाज मागेच आला असेल. पोचला नसेल." आठवडाभर त्यांना ती चिंता. पुढच्या रविवारी मी पश्चिमेचा वारा आणला. चांगला, सणसणीत. अण्णा इतके खूष झाले की मला दोनदा कॉफी पाजली. नंतर मी दर रविवारी त्यांच्यासाठी पश्चिमेचा वारा आणत राहिलो. माझा मनीप्लांट जोरात वाढला.

पुढे पुढे त्यांनी वाऱ्याचं विचारणं थांबवलं. "गेला होतास?" "कूगलास?" आणि कॉफी. मला वाटलं, म्हाताऱ्याचा विश्वास बसला.

अकराव्या रविवारी रिकामा तांब्या देऊन बाहेर पडलो आणि मला घरात जाववेना. का, ते सांगता येणार नाही. अण्णांनी तांब्या हातात घेताना त्याच्या बुडाला अंगठा फिरवला होता, जसा ते कापडाचा पोत बघताना फिरवत, तेवढंच. मी टॅक्सी केली आणि थेट माळावर गेलो.

टेकडी दिसत होती, पण तिथे जायला वाट नव्हती. चहूबाजूंनी निळे पत्रे ठोकले होते, पुरुषभर उंच. फाटकाशी एक वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. मी विचारलं, हे कधीपासून? तो म्हणाला, "दोन-अडीच महीना हो गया साहब. ऊपर जाना बंद है." आणि मग आपणहून सांगू लागला, "एक बूढ़े अण्णा भी यही पूछ रहे थे. बैसाखी लेके आये थे, ऑटो में. हम बोले, डेढ़ महीने से बंद है. इधर पत्थर पे बैठे. पानी माँगा. फिर चले गये."

"कब?"

"दशहरे के पहले. तीन हफ्ता हुआ होगा."

मी त्याच दगडावर बसलो. तीन आठवडे. म्हणजे टेकडी बंद आहे, तिथे कोणी चढूच शकत नाही, हे कळल्यानंतरही अण्णांनी तीन शनिवार तांब्या भरून दिला होता. तीन रविवार मला "कूगलास?" विचारलं होतं, मी "हो" म्हटलं होतं, आणि त्यांनी कॉफी दिली होती. शेवटच्या वेळी तर मी आपणहून म्हणालो होतो, "आज आवाज फार लांबवर गेला, अण्णा."

त्यांनी माझं खोटं पकडून दाखवलं नाही, टोचलं नाही. वाट पाहत होते. फाटकाशी उभा असलेला मुलगा आपणहून मागे वळेल म्हणून जशी पाहिली होती, तशी असेल. किंवा त्यांना रविवारी कोणीतरी "हो" म्हणणारं हवं होतं, खोटं असलं तरी. मला आजही नक्की ठाऊक नाही.

पुढच्या शनिवारी खालून हाक आली. मी गेलो, तांब्या घेतला. रविवारी माळावर गेलो आणि पत्र्याच्या बुडाशी, टणटणीच्या मुळांत ते पाणी ओतलं. ओरडावं म्हणून तोंड उघडलं. वॉचमन बघत होता. आवाज निघाला नाही.

अण्णांना म्हटलं, "पाणी घातलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कूगलास का, हे त्या दिवशी विचारलं नाही. "सरी," म्हणाले. मग तांब्या पालथा घालून फळीवर ठेवला. "आता पुढच्या शनिवारपासून नको. सरोजा न्यायला येतेय. एकट्याने होत नाही रे इथे."

त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज ठरवायचो की आज सांगू. रोज त्यांच्या घरात कोणी ना कोणी असायचं. शिवायला दिलेले कपडे न्यायला लोक येत होते, मशीन बघायला एक जण आला होता, कैच्या कागदात गुंडाळल्या जात होत्या. ही सगळी खरी कारणं आहेत आणि एकही कारण खरं नाही.

गाडी के. आर. पुरम स्टेशनवरून सकाळची होती. मी रजा टाकून सामान पोचवायला गेलो. अण्णांना पाय लांब करून बसणं भाग होतं, म्हणून सरोजाने त्यांना खिडकीलगतच्या बाकाच्या टोकाला टेकवून बसवलं. त्यामुळे त्यांचा डावा कान खिडकीकडे आला. मी फलाटावर, गजांना धरून उभा. त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी होती, तीतून तांब्याची फिरकी वर आली होती.

मी म्हटलं, "अण्णा, एक सांगायचं होतं."

"काय?"

"मी... टेकडीवर..."

"स्वल्प मोठ्याने बोल रे, पुणेकर. हा कान गेलाय."

शेजारी इडलीवाला ओरडत होता, वर घोषणा चालली होती. माझ्या मागे कॉलेजची मुलं, ऑफिसला जाणारी माणसं, ओळखपत्राचा पट्टा गळ्यात घातलेली, माझ्यासारखीच. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकू आलं नाही. सरोजा म्हणाली, "मी सांगते त्यांना, काय सांगायचंय?" मी म्हटलं, "नको. मीच सांगतो."

गाडीला हिसका बसला.

मी छाती भरून घेतली. "अण्णाऽऽ! मी कूगलो नाऽऽही! एकदाही नाही!"

इडलीवाला गप्प झाला. फलाटावरची माणसं वळून पाहू लागली. डब्यातल्या बाया वाकून बघू लागल्या. अण्णांनी सावकाश मान फिरवली आणि पूर्ण चेहरा माझ्याकडे केला. त्यांचे डोळे भरून आले होते की वाऱ्याने पाणावले होते, मला सांगता येणार नाही. पण ते हसले.

"आवाज आहे की रे तुला!"

गाडी सरकू लागली, पूर्वेकडे. खिडकी माझ्या हातातून सुटली. त्यांनी उजवा हात वर केला, आणि मला वाटलं निरोप देताहेत. पण हात कानामागे गेला. टेकडीवर जायचा तसाच. कूगु गुड्ड्यावर एकदाच कूगायचं असतं हे मला माहीत होतं. तरी मी त्या हाताच्या मागे फलाटभर धावत गेलो, आणि फलाट संपला तिथे उभा राहून पुन्हा ओरडलो,

"माझं चुकलं, अण्णाऽऽऽ!"